धावताना छाती धडधडते आणि भीती वाढते; चिंता कमी व्हावी म्हणून व्यायाम चालू ठेवावा का?

प्रश्न विचारणारी: कोरी वही

नमस्कार. मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सत्रात तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री मला पहिल्यांदा असे झाले की छाती जोरजोरात धडधडू लागली, तळहातांना घाम फुटला, श्वास पुरेनासा झाला आणि आता आपल्याला काहीतरी होणार या भीतीने मी पहाटेपर्यंत खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. त्यानंतर असे तीन वेळा झाले. मधल्या दिवसांतही मन निवांत नसते. वाचायला बसले की तासभर तेच पान समोर राहते आणि डोक्यात निकाल, शिष्यवृत्ती आणि पुढची नोकरी यांचे हिशेब चालू असतात.

आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासले. सगळे ठीक आहे. मागील दोन आठवड्यांविषयी सात प्रश्न विचारणारी एक प्रश्नावली भरून घेतली, तिच्यात मला २१ पैकी १२ गुण आले. समुपदेशकांची भेट मात्र चार आठवड्यांनंतरची मिळाली आहे. तोपर्यंत ‘रोज थोडा व्यायाम करा, चिंता कमी होईल’ असे मला सांगण्यात आले, आणि माझी अडचण तिथूनच सुरू झाली.

शाळा सुटल्यापासून मी नियमित व्यायाम असा केलेलाच नाही. तरी सल्ला मानून मैदानावर धावायला गेले. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत वळणापाशी पोहोचेपर्यंत कानशिलांत ठोके ऐकू येऊ लागले, आणि क्षणात मन त्या रात्रीच्या खोलीत जाऊन पोहोचले. मी होते तिथेच थांबले, कडेच्या पायरीवर बसले आणि मनगटावर दोन बोटे ठेवून ठोके मोजू लागले. मोजणी चुकायची, मग पुन्हा पहिल्यापासून. बसल्यावर डोके गरगरले, बोटांना मुंग्या आल्या, तेव्हा तर हे नक्कीच काही वेगळे आहे असे वाटून मी रडू लागले. बरोबरच्या मैत्रिणीने धरून खोलीवर आणले. त्यानंतर चार वेळा प्रयत्न केला, दोनदा हेच झाले. आता बुटांची नाडी बांधतानाच पोटात खड्डा पडतो.

व्यायामाने चिंता कमी होते हे सगळीकडे वाचायला मिळते. मग माझ्या बाबतीत उलटे का होते? हा व्यायाम माझ्यासाठी चुकीचा आहे, की मी तो चुकीच्या रीतीने करते आहे? आणि सहा आठवड्यांवर परीक्षा असताना यासाठी वेळ काढणे खरोखर उपयोगाचे आहे का? ज्यांना या विषयाची माहिती किंवा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: किनारा

मी चिकित्सा मानसशास्त्र शिकले आहे आणि बरीच वर्षे विद्यार्थ्यांबरोबर काम करते आहे. तुमचा प्रश्न वाचून सर्वांत आधी हे सांगावेसे वाटले की तुमच्या बाबतीत काही उलटे घडत नाही. जे घडते आहे ते समजण्यासारखे आहे, आणि बरे होण्याची वाटही त्यातूनच जाते.

भीती वाटते तेव्हा शरीर पळण्याच्या तयारीला लागते. अॅड्रेनलिन वाढते, हृदय जोराने चालते, श्वास भराभर होतो, घाम येतो. तुम्ही प्रत्यक्ष पळता तेव्हाही शरीर याच गोष्टी जवळजवळ याच क्रमाने करते. म्हणजे संवेदना एकच, तिचा अर्थ मात्र मन लावते. ज्यांना कधी भीतीचा तीव्र झटका येऊन गेला आहे त्यांच्या मनात ‘धडधड म्हणजे संकट’ ही गाठ पक्की बसते, आणि मग धडधड जिन्यामुळे होते आहे की परीक्षेमुळे, हे पाहण्याआधीच मन घाबरून मोकळे होते. या प्रवृत्तीला चिंता-संवेदनशीलता असे म्हणतात. स्टीव्हन राइस आणि रिचर्ड मॅकनॅली या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये ही कल्पना मांडली, आणि आज पॅनिक विकाराचा, म्हणजे असे झटके पुन्हा पुन्हा येण्याच्या विकाराचा, विचार करताना ती वगळून पुढे जाता येत नाही.

एकेकाळी तज्ज्ञांनाही तुमच्यासारखीच शंका होती. १९६७ मध्ये पिट्स आणि मॅक्ल्युअर यांनी चिंताविकाराच्या रुग्णांना शिरेतून सोडियम लॅक्टेट दिले, तेव्हा त्यांतील अनेकांना भीतीचे झटके आले. जोराच्या व्यायामानेही रक्तातले लॅक्टेट वाढते, म्हणून अशा लोकांनी व्यायाम टाळावा असे पुढे बराच काळ मानले गेले. प्रत्यक्षात पॅनिक विकार असलेल्या बहुतेकांना जोराच्या व्यायामानेही झटका येत नाही असे दिसत गेले आणि तो समज मागे पडला. त्यानंतर २००४ मध्ये ब्रोमन-फुल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिंता-संवेदनशीलता जास्त असलेल्या ५४ जणांना ट्रेडमिलवर प्रत्येकी २० मिनिटांची सहा सत्रे दिली. काहींना जोराची, काहींना सौम्य. दोन्ही गटांत संवेदनशीलता कमी झाली. जोराच्या गटात ती लवकर कमी झाली, आणि धडधडीसारख्या शारीरिक संवेदनांची भीती फक्त याच गटात उतरली. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. छाती धडधडावी आणि तरीही काहीही वाईट घडू नये, हा अनुभव शरीराला पुन्हा पुन्हा मिळाला म्हणजे ती गाठ सैल होते.

आता तुमच्या त्या पायरीकडे वळते. धडधड सुरू होताच तुम्ही थांबलात, बसलात, नाडी मोजू लागलात. कुणीही हेच केले असते. पण काही मिनिटांनी भीती ओसरली तेव्हा मनाने त्याचे श्रेय बसण्याला आणि नाडी मोजण्याला दिले. ‘बसले म्हणून वाचले’ असा धडा मिळाला आणि ‘काही होणारच नव्हते’ हा धडा राहून गेला. नाडी मोजणे दिसायला साधी खबरदारी असली तरी भीतीला सर्वांत जास्त खतपाणी तीच घालते, असे मला वर्षानुवर्षे दिसत आले आहे.

म्हणून मी असे सुचवेन. पहिले दोन आठवडे धावणे बाजूला ठेवा आणि झपझप चाला. चालताना मधूनच अर्धा मिनिट किंवा एक मिनिट एवढा वेग घ्या की छाती जाणवली पाहिजे. ती जाणवली की वेग कमी करा, पण थांबू नका, बसू नका आणि मनगटाला हात लावू नका. मनात एकच सरळ वाक्य म्हणा: छाती धडधडते आहे, कारण मी वेगाने चालते आहे. भीतीला हाकलून लावण्याचा प्रयत्न करू नका. चालता चालता ती चढते कशी आणि उतरते कशी हे फक्त पाहत राहा. दोन आठवड्यांनी त्या वेगाच्या मिनिटांच्या जागी हलके धावणे आणता येईल.

प्रश्नावलीविषयी एक खुलासा करते. त्या सात प्रश्नांत १० ते १४ गुण ही मध्यम पातळी समजली जाते आणि १० किंवा त्याहून जास्त गुण आल्यास तज्ज्ञांनी नीट तपासून पाहावे असा संकेत आहे. हे निदान नव्हे, त्यामुळे १२ या आकड्याला फार धरून बसू नका. मात्र झटके रोज येऊ लागले, वर्गात जाणे बंद पडले, किंवा जगणे नको असे विचार एकदा जरी मनात आले, तरी चार आठवडे थांबायचे नाही. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन तातडीची भेट मागायची, आणि जाताना मैत्रिणीला बरोबर न्यायचे.

उत्तर २: तिसरा मजला

मी या विषयातला जाणकार नाही. पीएच.डी.चे काम करतो, आणि दोन वर्षांपूर्वी तुम्ही आज जिथे आहात तिथेच होतो, म्हणून लिहितो आहे.

माझी अभ्यासिका तिसऱ्या मजल्यावर आहे. प्रबंधाचा पहिला मसुदा मार्गदर्शकांनी परत केल्यानंतर माझे झटके सुरू झाले, आणि त्यांतला एक जिना चढताना आला. त्यानंतर सलग पाच महिने मी लिफ्टशिवाय वर गेलो नाही. लिफ्ट बंद असली तर घरी परत जायचो आणि आज तब्येत बरी नाही असे कळवायचो. हे मी कुणाला सांगितले नव्हते. पुढे समुपदेशकांनी खोदून विचारले, तेव्हा कुठे मला स्वतःलाच उमगले की मी जिना टाळतो आहे.

त्यांनी मला एक छोटी वही ठेवायला सांगितली. जिना चढण्याआधी डाव्या पानावर लिहायचे की मला काय होईल असे वाटते, आणि वर पोहोचल्यावर पाच मिनिटांनी उजव्या पानावर लिहायचे की प्रत्यक्षात काय झाले. पहिल्या दिवशी डावीकडे लिहिले होते: ‘दुसऱ्या मजल्यावर कोसळेन, कुणीतरी उचलून नेईल.’ उजवीकडे लिहिले: ‘दुसऱ्या मजल्यावर कठडा घट्ट धरला. गुडघे कापत होते. एक मुलगी पुस्तके सावरत बाजूने खाली गेली, तिचे माझ्याकडे लक्षही नव्हते. वर पोहोचलो. पाणी प्यायलो.’ पुढे जवळजवळ चाळीस पाने अशीच भरली. डावीकडचा मजकूर हळूहळू आखूड होत गेला, आणि एके दिवशी मी डावे पान लिहायला विसरलो. तो दिवस मला अजून आठवतो.

व्यायाम म्हणावा असे मी त्या काळात फार काही केले नाही. तीन मजले, दिवसातून दोनदा, आणि संध्याकाळी अर्धा तास चालणे, एवढेच. चालायला एक मित्र बरोबर यायचा, आणि त्या अर्ध्या तासात प्रबंधाविषयी बोलायचे नाही असे आम्ही ठरवले होते. मला बरे कशाने वाटले, चालण्याने, त्या वहीने, समुपदेशनाने, की रोज ठरलेल्या वेळी कुणीतरी आपली वाट पाहते या जाणिवेने, हे मला वेगळे काढून सांगता येणार नाही. वेगळे काढण्याची गरजही मला कधी वाटली नाही.

तुम्ही एकट्या आहात असे कृपया समजू नका. नंतर मी वाचले की आठ देशांतील १९ उच्च शिक्षण संस्थांमध्ये प्रथम वर्षाच्या सुमारे चौदा हजार विद्यार्थ्यांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील सुमारे ३५ टक्के विद्यार्थ्यांना आयुष्यात कधी ना कधी एखादा मानसिक विकार होऊन गेल्याचे त्यांच्या उत्तरांतून दिसले. आपल्या बाकाच्या आसपास बसणाऱ्या प्रत्येक तिघांत एक. मला त्या पाच महिन्यांत हे कुणी सांगितले असते तर फार बरे झाले असते.

उत्तर ३: मैदान

मी विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवतो. किनारा यांनी मनाची बाजू नीट मांडली आहे. मी फक्त शरीराविषयी लिहितो, कारण तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टींना अगदी साधे शारीरिक कारण आहे आणि ते तुम्हाला त्या दिवशीच कुणीतरी सांगायला हवे होते.

पहिली गोष्ट चक्कर. धावताना पायांचे स्नायू आकुंचन पावत असतात आणि शिरांमधले रक्त वर हृदयाकडे ढकलत असतात. तुम्ही एकदम थांबलात की हा उपसा बंद होतो, पण पायांतल्या रुंदावलेल्या रक्तवाहिन्या लगेच पूर्ववत होत नाहीत. रक्त थोडा वेळ खालीच राहते, रक्तदाब उतरतो आणि डोके गरगरते. जुन्या धावपटूंनाही असे होते. म्हणून शर्यत संपल्यावर कुणी जागच्या जागी थांबत नाही, चालत राहतात. दुसरी गोष्ट मुंग्या. घाबरून भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, आणि त्यामुळे बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके वाटते. श्वास संथ झाला की हे आपोआप जाते. म्हणजे त्या पायरीवर तुम्हाला जे ‘नक्कीच काही वेगळे’ वाटले, ते एकदम थांबण्यातून आणि घाईच्या श्वासातून आलेले होते.

ठोक्यांचेही तसेच आहे. कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज काढण्यासाठी २२० मधून वय वजा करतात. तुमचे वय २२ धरले तर तो १९८ येतो. बरीच वर्षे न धावलेल्या माणसाने दुसऱ्या फेरीत मिनिटाला १५० ठोक्यांपर्यंत जाणे यात वावगे काहीच नाही; कमालीच्या तीन चतुर्थांशांपर्यंत गेलात, एवढाच त्याचा अर्थ. मी मात्र विद्यार्थ्यांना आकडे पाहायला सांगत नाही, बोलून पाहायला सांगतो. चालताना वाक्ये बोलता येतात पण गाणे म्हणता येत नाही, हा मध्यम व्यायाम. चार-दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावे लागते, हा जोराचा. तुम्ही सुरुवातीचे काही आठवडे पहिल्या पातळीवरच राहा. तुमची चूक एवढीच झाली की तुम्ही पहिल्याच दिवशी दुसऱ्या पातळीवर गेलात, आणि ती चूक नव्याने धावणारे जवळजवळ सगळेच करतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम सांगितला आहे, आणि त्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. या आकड्यांनी दडपून जाऊ नका. अजिबात न करण्यापेक्षा थोडे केलेले चांगले, असे त्याच सूचना म्हणतात. तुम्ही दहा मिनिटांपासून सुरुवात करा. आधी पाच मिनिटे सावकाश चाला, मग मुख्य व्यायाम, आणि शेवटी पुन्हा पाच मिनिटे सावकाश चाला. ही शेवटची पाच मिनिटे कधीही गाळू नका. मैदानावर येण्याआधी कॉफी घेत असाल तर ती बंद करा. तिच्यातल्या कॅफीनने छाती तशीही धडधडते, आणि रक्तातले कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात.

तुमच्या तपासण्या झाल्या आहेत, त्यामुळे मी निर्धास्तपणे लिहितो आहे. हे वाचणाऱ्या इतरांनी मात्र लक्षात ठेवावे की धावताना छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, ठोके अनियमित पडणे, किंवा घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर आणि मग मैदान.

उत्तर ४: मोजमाप

मी वैद्यकीय संशोधनाच्या संख्याशास्त्रात काम करते. व्यायामाच्या बाजूने इथे जे लिहिले गेले ते मला मान्य आहे, पण ‘व्यायामाने चिंता जाते’ या वाक्यावर किती विसंबावे हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण अपेक्षा फार मोठी ठेवली आणि ती पुरी झाली नाही, तर विद्यार्थी स्वतःलाच दोष देतात.

व्यायाम करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये चिंता कमी आढळते असे सांगणाऱ्या पाहण्या पुष्कळ आहेत. त्यांतून कार्यकारण सिद्ध होत नाही, कारण चिंतेने ग्रासलेला विद्यार्थी मैदानावर जाणेच सोडतो. तुमच्या बुटांच्या नाडीचे उदाहरण इथेच आहे. म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग पाहावे लागतात. २०१० मध्ये हेरिंग, ओ’कॉनर आणि डिशमन यांनी दीर्घकालीन आजार असलेल्या २,९१४ रुग्णांवरचे असे ४० प्रयोग एकत्र करून तपासले. चिंता कमी झाली होती, पण परिणामाचा आकार ०.२९ होता. संख्याशास्त्राच्या भाषेत तो लहान ते मध्यम यांच्यामध्ये, लहानाकडे झुकणारा आहे. एका वेळी किमान ३० मिनिटांचा व्यायाम असलेल्या कार्यक्रमांत परिणाम जास्त दिसला.

औषधाशी थेट तुलनाही झाली आहे. ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पॅनिक विकाराच्या ४६ रुग्णांचे तीन गट केले. एकाला दहा आठवडे धावणे, दुसऱ्याला क्लोमिप्रामीन हे औषध, तिसऱ्याला औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. धावणाऱ्यांना निष्क्रिय गोळीवाल्यांपेक्षा स्पष्टपणे बरे वाटले, पण औषधाने त्यांच्यापेक्षा लवकर आणि जास्त गुण आला. शिवाय धावण्याच्या गटातले ३१ टक्के लोक मध्येच सोडून गेले. हा शेवटचा आकडा तुमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे असे मला वाटते. पाचांतले तीन प्रयत्न असे गेल्यानंतरही तुम्ही टिकून आहात आणि इथे प्रश्न विचारता आहात.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथला प्रयोग तुमच्या परिस्थितीला जास्त जवळचा आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात चिंताविकाराचे २८६ रुग्ण होते. व्यायामाच्या दोन गटांना बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, एकेक तास व्यायाम दिला. एक गट सौम्य, एक जोराचा. ज्यांना फक्त शारीरिक हालचालीचा सल्ला देऊन पाठवले होते त्यांच्यापेक्षा या दोन्ही गटांत चिंता कमी झाली. याचा अर्थ मी असा घेते की ‘रोज थोडा व्यायाम करा’ असे तोंडी सांगून सोडून देणे पुरेसे नसते. तुम्हालाही नेमके तेवढेच सांगितले गेले होते. कुणीतरी शिकवणारे, दिवस ठरलेले आणि बरोबरीचे काही लोक असले तर गुण येण्याची शक्यता वाढते. तेव्हा मैदान यांच्यासारखे शिक्षक तुमच्या विद्यापीठात असतील तर त्यांना गाठा.

एंडॉर्फिन, म्हणजे शरीरातच तयार होणारे अफूसदृश रसायन, याविषयी इथे कुणी लिहिले नाही, पण तुम्ही ते ऐकलेले असणार. व्यायामानंतरचा तरतरीतपणा आणि शांतपणा एंडॉर्फिनमुळे येतो ही सर्वपरिचित समजूत २०२१ च्या एका प्रयोगात टिकली नाही. झीबर्स आणि सहकाऱ्यांनी ६३ धावपटूंपैकी काहींना शरीरातल्या अफूसदृश रसायनांचा परिणाम रोखणारे नाल्ट्रेक्झोन दिले, तरीही ४५ मिनिटे धावल्यानंतर त्यांची चिंता इतरांइतकीच उतरली. आणि याच्याही फार आधी, १९७८ मध्ये, बार्की आणि मॉर्गन यांनी ७५ पुरुषांना वीस मिनिटे व्यायाम, ध्यान किंवा आरामखुर्चीत नुसते शांत बसणे यांपैकी एक काम दिले होते, तेव्हा तात्पुरती चिंता तिन्ही गटांत सारखीच कमी झाली होती. म्हणून रोजच्या वीस मिनिटांनंतर लगेच कसे वाटते यावर फार भर देऊ नका. किनारा यांनी सांगितलेला भाग, म्हणजे धडधडीची भीती मोडणे, हा मात्र खुर्चीत बसून साधत नाही, आणि तुमच्यासाठी व्यायामाचे खरे मोल तिथेच आहे.

समुपदेशकांची भेट कोणत्याही परिस्थितीत रद्द करू नका. व्यायामाने थोडे बरे वाटू लागले की ती पुढे ढकलण्याचा मोह होतो.

उत्तर ५: सकाळची फेरी

वर सगळे आलेच आहे. दोनच गोष्टी जोडते, दोन्ही स्वतःच्या अनुभवातल्या.

परीक्षेच्या आठवड्यात सर्वांत आधी व्यायाम सुटतो, कारण ती वीस मिनिटे अभ्यासातून चोरल्यासारखी वाटतात. मी दोन सत्रे असेच केले, आणि वाचलेल्या वेळात भिंतीकडे बघत बसले. तिसऱ्या सत्रात वेळ निम्मी केली, पण दिवस सोडला नाही. परीक्षेच्या दिवशी सकाळी दहा मिनिटे चालले, आणि परीक्षागृहाबाहेर छाती धडधडू लागली तेव्हा ती ओळखीची वाटली.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. पुढे माझा व्यायाम वाढत वाढत दिवसाला अडीच तासांवर गेला. एक दिवस चुकला की अपराधी वाटायचे, ताप असतानाही मी धावले, आणि पोटरीची दुखापत लपवून ठेवली. चिंता गेली नव्हती, तिने फक्त जागा बदलली होती. विश्रांतीचा दिवस घेता येत नाही असे कधी वाटू लागले, तर तेही समुपदेशकांना तितक्याच मोकळेपणाने सांगा.

प्रश्न विचारणारी: कोरी वही

सर्वांचे मनापासून आभार. सव्वातीन आठवडे झाले, म्हणून काय झाले ते लिहिते.

चक्कर आणि मुंग्या यांची कारणे मैदान सरांनी लिहिली, ती मी वाचून मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवली. तेवढ्यानेच पुष्कळ ओझे उतरले. पहिले दहा दिवस फक्त चालले. मधला वेगाचा एक मिनिट सुरुवातीला अवघड गेला. हात आपोआप मनगटाकडे जायचा, म्हणून मी दोन्ही हातांत एकेक रुमाल धरून चालू लागले. अकराव्या दिवशी त्याच वळणापाशी छाती जोरात धडधडली. मी वेग कमी केला आणि किनारा ताईंचे वाक्य म्हणत राहिले. भीती आली, पार गळ्यापर्यंत आली. मैत्रीण शेजारी काहीतरी बोलत होती, ते मला ऐकू येत नव्हते. पायरी मागे गेली. पुढच्या वळणापर्यंत तिचे बोलणे पुन्हा ऐकू येऊ लागले.

परवा पहिल्यांदा अर्धी फेरी हलके धावले. रात्रीचा झटका या काळात एकदा आला, आधीच्यांपेक्षा लहान होता की मी कमी घाबरले, हे मला ठरवता येत नाही. वाचनात लक्ष अजून लागत नाही, त्यात फारसा फरक नाही. डाव्या-उजव्या पानांची वही मात्र मीही सुरू केली आहे आणि तिची तेवीस पाने भरली आहेत.

समुपदेशकांची भेट येत्या गुरुवारी आहे. भेट रद्द केलेली नाही, वही बरोबर नेणार आहे. ती त्यांना सुरुवातीलाच दाखवावी की आधी त्यांना त्यांच्या पद्धतीने विचारू द्यावे, एवढे किनारा ताईंनी सांगितले तर बरे होईल.

उत्तर: किनारा

सुरुवातीलाच दाखवा. आणि अकराव्या दिवसाचे पान उघडूनच त्यांच्या हातात द्या.